मावशीसाठी डे केअर निवडताना: नोंदवहीपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसासाठी डे केअर, म्हणजे दिवसभर सांभाळणारं केंद्र, शोधायला लागलं की आधी कार्यक्रमांच्या याद्या हातात पडतात. रंगकाम, गाणी, हलका व्यायाम, वाढदिवस. या याद्यांवरून दोन केंद्रांतला फरक कळत नाही, कारण सगळ्यांची यादी जवळपास एकच असते. फरक कळतो तो अडचणीच्या वेळी: संडासला नेताना, जेवताना, दुपार कलल्यावर, आणि कुणीतरी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभं राहिलं की. आमच्या मावशीसाठी जानेवारीत शोध सुरू झाला आणि ऑगस्टपर्यंत ती तिथे रुळली. मधल्या काळात काय काय लागलं, कुठे थांबावं लागलं आणि काय विचारावं लागलं, ते क्रमाने लिहितो आहोत.

जानेवारी गेला तो घरातच. मावशीचं निदान आधीच झालेलं होतं: अल्झायमर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दोष, असा मिश्र प्रकार. तुमच्याकडे निदान झालेलं नसेल, बी-१२, थायरॉइड, मेंदूचा स्कॅन हे राहिलं असेल, तर आधी तेच उरका. डे केअरच्या वैद्यकीय फॉर्मवर डिमेन्शियाचा प्रकार लिहावा लागतो आणि त्या रकान्याला अर्थ आहे. लेवी बॉडी प्रकार असेल तर हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. ही गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेली हवी, कारण धावपळीत माणूस इस्पितळात गेला तर तिथल्या डॉक्टरांना ती माहीत नसते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला आठवण बरी असते पण तारतम्य सुटतं. शेजारच्याच्या ताटातलं उचलणं, अनोळखी माणसाच्या अंगचटीला जाणं असे प्रकार होतात, आणि अशा माणसाला सांभाळायची तयारी सगळ्या केंद्रांची नसते. ती आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं.

स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी किती गुण पडले, हा आकडा घरचे सगळ्यांना सांगत असतात. केंद्राला त्याचा उपयोग थोडाच. त्यांना हवं असतं ते रोजच्या कामांचं चित्र. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामं आजही बहुतेक फॉर्मांत तशीच सापडतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, उठबस, शी-शूवर ताबा आणि जेवण. प्रत्येकापुढे ‘करते’ किंवा ‘करत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. आम्ही तीन पायऱ्या केल्या: आपली आपण करते, तोंडी सांगितलं की करते, हात लावावा लागतो. मधली पायरी महत्त्वाची. तोंडी सांगितलं की करणाऱ्या माणसाजवळ सांगणारं कुणी उभं राहिलं नाही, तर काही आठवड्यांतच त्याला हात लावावा लागायला लागतो.

त्याच्या जोडीला दोन आठवडे एक नोंदवही ठेवली. वेळ, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि कशाने निवळलं, एवढे चारच रकाने. त्यातून लघवीचं अंतर कळलं, चिडचिड चार ते सहाच्या मध्ये वाढते हे कळलं, आणि आंघोळीवरून होणारा निम्मा तंटा थंडी वाजण्यावरून आहे हेही कळलं. पुढे प्रत्येक केंद्राशी बोलताना हीच वही कामी आली. ‘कधीकधी चिडते’ असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो; ‘पावणेपाचला, खोलीत दिवे लावायच्या आधी, दार उघडायचा प्रयत्न करते’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याबद्दलही काहीतरी कळतंच.

सांभाळणाऱ्यांवर किती भार आहे ते मोजायची झरिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ८८. डॉक्टर किंवा केंद्र ती भरून घेऊ शकतात. रात्री उठून जो माणूस सोबत चालतो त्याने ती भरावी, आठवड्यातून एकदा फोन करणाऱ्या भावंडाने नव्हे.

योग्य वेळ कोणती, यावर घरात मतभेद होतातच. फार लवकर नेलं तर माणसाला अपमान वाटतो. आजूबाजूचे सगळे आपल्याहून थकलेले दिसतात. फार उशिरा नेलं तर उठबस दोघांशिवाय होत नाही आणि केंद्र नाही म्हणतं. मधला काळ बरा, कारण नावं आणि दिवस लक्षात राहात नसले तरी जागेची आणि चेहऱ्यांची ओळख अजून बसू शकते. सोमवारी कुठे गेलो होतो हे सांगता येत नाही, पण बुधवारी त्याच दारातून आत जाताना पाय अडखळत नाहीत.

फेब्रुवारीत फोन सुरू केले. फोन करायच्या आधी केंद्रांचे प्रकार कळलेले बरे. काही केंद्रं मुख्यतः सोबतीची: गप्पा, खेळ, जेवण, देखरेख. काही वैद्यकीय वळणाची: नर्स, फिजिओथेरपी, जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन. या दुसऱ्या प्रकाराचं मूळ इस्पितळांत आहे; ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कॉसिन यांनी १९५८ मध्ये वृद्धांसाठी मुद्दाम बांधलेलं डे हॉस्पिटल सुरू केलं, तिथून ही कल्पना पसरली. तिसरी केंद्रं फक्त डिमेन्शियासाठी चालवलेली. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, विचारायचं असं: ‘सध्या तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी डिमेन्शियाचे किती, आणि ते दिवसभर बाकीच्यांबरोबरच बसतात का?’

फोनवर सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न मात्र वेगळा होता: ‘गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला यायला नको म्हणालात, आणि का?’ कुणाला घेतो हे सगळे उत्साहाने सांगतात. कुणाला परत पाठवतो हे सांगताना केंद्राची खरी मर्यादा बाहेर येते. उत्तरं साधारण चारच असतात: मारहाण, सतत बाहेर पळणं, उचलायला दोन माणसं लागणं, आणि डायपर. शेवटचं उत्तर आलं की आम्ही आभार मानून फोन ठेवत होतो. डिमेन्शिया पुढे सरकणारा आजार आहे. आज ताबा आहे म्हणून केंद्र निवडायचं आणि ताबा गेला की माणसाला रुळलेल्या जागेवरून उचलायचं, हे दोनदा विस्थापन.

बाकीचे प्रश्न कोरडे पण आवश्यक. आठवड्यातून किमान किती दिवस यावं लागतं? अर्धा दिवस चालतो का? गैरहजर दिवसाचे पैसे लागतात का, आणि इस्पितळात दाखल असतानाही लागतात का? दुपारची गोळी कोण देतं? न्यायला उशीर झाला तर काय? काही ठिकाणी उशिराचा आकार मिनिटांवर असतो. आणि प्रतीक्षा यादी असेल तर ती सरसकट आहे की वारावार? आमच्या बाबतीत पाचही दिवसांसाठी थांबलो असतो तर बराच काळ गेला असता. मंगळवार आणि गुरुवार आधी मोकळे झाले, ते घेतले आणि तिसऱ्या दिवसासाठी नाव तसंच ठेवलं. एकदा आतले झालात की वाढीव दिवस मिळणं सोपं जातं.

मार्चमध्ये प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. पहिली भेट वेळ ठरवून, माणसाला बरोबर न नेता. पसंत पडलेल्या केंद्रात दुसरी भेट जेवणाच्या वेळी आणि तिसरी दुपारी चारनंतर. चारनंतरची भेट द्यायला जे केंद्र टाळाटाळ करतं ते यादीतून काढावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सकाळी अकराला सगळीकडे आनंदच असतो.

पहिल्या भेटीत बाथरूम बघायचं. दारावर शब्दाबरोबर चित्र आहे का, ते बसायच्या जागेवरून दिसतं का, कमोडची सीट फरशीहून आणि भिंतीहून वेगळ्या रंगाची आहे का. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड असला की तो दिसतच नाही आणि माणूस हवेत बसायला जातो. हाताला धरायचे दांडे दोन्ही बाजूंना हवेत. दाराला आतून कडी असली तर ती बाहेरून उघडता यायला हवी. दोन माणसं आत मावतात का तेही बघा, कारण मदतनिसाला शेजारी उभं राहावं लागतं. फरशी चकचकीत असली की ती ओली भासते आणि माणूस पाऊल टाकत नाही. दाराशी काळं पायपुसणं असलं की ते खड्ड्यासारखं दिसतं. ही डोळ्यांची तक्रार नसते, मेंदू खोल-उथळाचा अंदाज चुकवतो. खुर्च्यांना हात हवेत, आणि सीट इतकी उंच हवी की पाय जमिनीवर टेकून उठता यावं. मऊ सोफ्यात रुतलेला माणूस दुसऱ्याने उठवल्याशिवाय उठत नाही, आणि काही ठिकाणी तो सोफा त्याचसाठी असतो.

याच वेळी आम्ही एक गोष्ट पाहिली, तिच्यावरून बरंच ठरलं. एका मदतनीस बाई एका आजींजवळ गेल्या. समोरून, नजरेच्या पातळीवर वाकून. ‘संडासला जायचंय का?’ असं विचारलंच नाही. त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. ‘चला, जरा पाय मोकळे करू’ म्हणून हात पुढे केला आणि आजींनी तो धरेपर्यंत थांबल्या. वाट बाथरूमवरूनच जात होती. दार उघडं, दिवा आधीच लावलेला, कमोड समोर दिसतोय. आजी आपोआप आत वळल्या. बाईंनी दार लोटून घेतलं, पण बाहेर उभ्या राहून त्या आजींशी बोलत राहिल्या. दुसऱ्या एका ठिकाणी हेच काम हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारून होत होतं. दोन्हीकडे भिंतीवर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं होती.

जेवणाच्या वेळी ताटं आणि पाणी बघायचं. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, बळावलेला अल्झायमर असलेल्यांना पांढऱ्याऐवजी ठळक रंगाची ताटं आणि पेले दिले तर खाणं सरासरी २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. अभ्यासात माणसं नऊच होती, पण करून बघायला काहीच लागत नाही. केंद्रात निदान अन्न आणि ताट एकाच रंगाचं नसावं. कुणी भरवत असेल तर ते बसून भरवतंय की उभ्याने, घास गिळला गेलाय हे पाहून दुसरा देतंय की नाही, हेही बघा. ठसका लागणाऱ्यांसाठी पातळ पदार्थ दाट करून देतात का, ते विचारा. आणि पेले भरलेले राहतात की रिकामे होतात? संडासच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून पाणी कमी देणं हा या धंद्यातला जुना आजार आहे. त्याचा परिणाम घरी दिसतो: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि त्यातून अचानक वाढलेला गोंधळ.

चारनंतरच्या भेटीत फक्त दाराकडे बघत बसलं तरी पुरतं. या वेळेला कुणीतरी ‘घरी जायचंय’ म्हणत उठतंच. त्यावर तीन तऱ्हा दिसतात. एक, वाद: ‘पाच वाजता गाडी येणार आहे, सांगितलं ना मघाशी?’ दुसरी, थाप: ‘येतीलच आता’, आणि हे दर पाच मिनिटांनी. तिसरी, सोबत उठणं: ‘चला, कोण कोण आहे घरी?’ असं विचारत हॉलला एक फेरी मारून आणणं. तिसरी तऱ्हा नेहमीची असेल तर त्या केंद्रात संध्याकाळी पुरेशी माणसं आहेत असं समजावं, कारण तिला वेळ लागतो आणि वेळ माणसांमुळेच मिळतो. फेरी मारता येईल अशी गोल वाट किंवा बंदिस्त अंगण असेल तर फारच छान. दाराला घंटा आहे का, हजेरी दिवसातून किती वेळा मोजतात, फाइलमध्ये अलीकडचा फोटो आहे का, हेही याच भेटीत विचारून घ्यावं. टीव्ही बघायला कुणी नसताना चालू असेल तर ती माहितीच आहे. सगळ्यांच्या डोक्यात दिवसभर आवाज घालणं म्हणजे संध्याकाळच्या चिडचिडीची सोय करून ठेवणं.

माणसांचं प्रमाण विचारलं की सगळे चांगलाच आकडा सांगतात. अमेरिकेतल्या नॅशनल ॲडल्ट डे सर्व्हिसेस असोसिएशनची शिफारस सहा जणांमागे निदान एक कर्मचारी अशी आहे, आणि बळावलेल्या डिमेन्शियात याहून जास्त माणसं लागतात. पण मोजताना ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि ऑफिसातली व्यक्ती धरलेली असते. म्हणून ‘प्रमाण काय?’ ऐवजी ‘साडेचार वाजता या हॉलमध्ये किती जण असतात?’ असं विचारावं. एखाद्या नव्या मदतनिसाशी दोन मिनिटं बोलता आलं तर संचालकांच्या तासाभराच्या माहितीपेक्षा जास्त कळतं. किती दिवस झाले इथे, कुणी हात उगारला तर काय करता, एवढंच विचारायचं. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर ओळख बसणार कशी?

एके ठिकाणी आम्हाला सुचवलं गेलं की ‘शांत राहायची एखादी गोळी’ डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. असं कानावर आलं तर सावध व्हा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रमासारख्या मनोविकारावरची औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये त्यातल्या नव्या पिढीच्या आणि २००८ मध्ये जुन्या औषधांच्याही माहितीपत्रकावर घालायला लावला. कधीकधी ती लागतात, पण तो निर्णय तपासून आणि मुदत ठरवून डॉक्टरांनी करायचा. प्रवेशाच्या अटीत त्याला जागा नाही.

एप्रिल कागदांत गेला. डॉक्टरांचा तपासणी अहवाल, क्षयरोग नसल्याचा दाखला, लसींची नोंद, औषधांची यादी, ॲलर्जी, दोन आपत्कालीन फोन नंबर, इस्पितळाची पसंती, न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं, फोटो काढायला संमती किंवा नकार, आणि निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार कुणाला आहे त्याचा कागद. तपासणी अहवाल ठरावीक मुदतीतलाच लागतो, म्हणून नंबर जवळ आल्याशिवाय तो करून घेऊ नका. शिळा झाला की पुन्हा सगळी फेरी. अधिकाराचा कागद मात्र आधीच हवा, कारण माणसाला सही समजून करता येते तोवरच तो सहज होतो.

औषधांची अर्धी डोकेदुखी डॉक्टरांकडच्या एका प्रश्नाने टळते: ‘दुपारचा डोस सकाळी किंवा रात्री देता येईल का?’ देता आला तर केंद्राला औषध द्यावंच लागत नाही. नाहीच जमलं तर मूळ वेष्टणातली गोळी, लेबलसकट, आणि डॉक्टरांची लेखी सूचना द्यावी लागते. डबीत काढून दिलेली गोळी घेत नाहीत आणि तेच बरोबर आहे. गोळी चुरून देतात का हे विचारा आणि चुरलेली चालते का हे औषधवाल्याला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरल्या की सगळा डोस एकदम अंगावर येतो. ‘गरज पडल्यास’ असं लिहिलेल्या औषधापुढे गरज म्हणजे काय, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि द्यायच्या आधी फोन करायचा का, हे लिहून घ्या.

केंद्राची स्वतःची तपासणीही याच महिन्यात झाली. त्यांच्या बाई तासभर बोलल्या, मावशीला खुर्चीतून उठायला, चालायला, पेला धरायला लावला. या तासाला माणूस एकदम हुशारीने वागतो. सगळं ठीक आहे असं चित्र उभं राहतं आणि मग पहिल्या आठवड्यात केंद्राला धक्का बसतो. नोंदवहीची प्रत त्यांच्या हातात दिली. अडचणी लपवल्या तर प्रवेश मिळतो, पण टिकत नाही.

एक पान आम्ही आपणहून जोडलं: मावशी कोण आहे. कुठलं काम केलं, कुणाचं नाव काढलं की खुलते, कुणाचं काढलं की रडते, ऐकू कुठल्या कानाने येतं, चष्मा वाचायचा की कायमचा, कुठल्या हाकेला उत्तर देते. एकच पान, मोठ्या अक्षरात. चार पानं कुणी वाचत नाही.

करारात तीन कलमं दोनदा वाचावीत. काढून टाकायची कारणं आणि किती दिवसांची सूचना. पडणं किंवा इजा झाली तर किती वेळात कळवणार आणि लेखी देणार का. गैरहजेरीचं शुल्क. खर्चाची तुलना करताना जाहीर केलेला दिवसाचा दर बाजूला ठेवा. नोंदणी, अनामत, गाडी, जेवण, डायपर, फिजिओथेरपी, उशिराचा आकार हे सगळं धरून महिन्याची बेरीज करा आणि माणूस प्रत्यक्ष जितके दिवस जाईल तितक्यांनी भागा. स्वस्त वाटणारी जागा इथे बऱ्याचदा महाग निघते. घरी तेवढे तास मदतनीस ठेवला तर किती, हे शेजारी लिहा. डे केअर नेहमी स्वस्त पडेल असं नाही. गाडीबद्दल वेगळं विचारा: ड्रायव्हरशिवाय कुणी असतं का, घराच्या दारातून नेतात की रस्त्यावरून, आणि आपला माणूस आधी चढून शेवटी उतरणारा तर नाही ना.

मेमध्ये सुरुवात झाली. आदल्या दिवशी सांगून ठेवण्यात अर्थ नसतो. नुसती काळजी वाढते आणि कशाची ते आठवत नाही. सकाळी तयार झाल्यावर, निघताना, एका वाक्यात सांगायचं. ‘तुला सांभाळायला’ असं म्हणायचंच नाही. मावशीने आयुष्यभर लायब्ररीत काम केलं, म्हणून केंद्राने तिला रोज पुस्तकांची एक पेटी लावायला दिली आणि ‘पुस्तकं लावून यायचंय’ हे खरंच झालं. पहिले काही दिवस दोन-तीन तास, मग जेवणापर्यंत, मग पूर्ण दिवस. वार तेच, वेळ तीच, शक्यतो नेणारा माणूस तोच. निरोप छोटा. दाराशी रेंगाळलं की माणसाला वाटतं काहीतरी गडबड आहे.

पिशवीत दोन जोड कपडे, पायात घालायचं जादा काहीतरी, डायपर, आणि ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव हवंच. कपड्यांवर तर हवंच हवं. एकदा तरी माणूस दुसऱ्याचा स्वेटर घालून घरी येतो. दागिने घरीच.

पहिल्या आठवड्यांत संध्याकाळ आधीपेक्षा वाईट जाऊ शकते. माणूस दमतो, नवी जागा डोक्याला शिणवते, आणि घरी आल्यावर ते बाहेर पडतं. आल्याआल्या प्रश्न विचारू नयेत. खायला द्यावं, दिवे लवकर लावावेत, अर्धा तास काही मागू नये. ‘आज काय केलंस?’ याचं उत्तर तिच्याकडे नाही, आणि विचारलं की तिला ते नसल्याचं कळतं. ती माहिती रोजच्या वहीतून घ्यावी: किती खाल्लं, किती पेले पाणी, लघवी-शौच, झोप, औषध, मूड. ‘दिवस छान गेला’ एवढंच लिहून येत असेल तर रकाने आखून द्या. आम्ही दिले आणि ते भरून यायला लागले. दुपारची झोप तासावर गेली की रात्र बिघडते, हे याच वहीतून कळतं आणि केंद्राला सांगता येतं.

गोंधळ हळूहळू वाढत असेल तर ते आजाराचं सरकणं असू शकतं. पण एक-दोन दिवसांत एकदम वाढला, माणूस सुस्त झाला किंवा भलतंसलतं दिसू लागलं, तर ते डे केअरच्या माथी मारू नका आणि वाटही बघू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, नवं औषध, दुखणं, पडणं हे बघून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दीसाठी घेतलेली झोप आणणारी साधी गोळीसुद्धा हे करू शकते.

आठवड्यातून एकच दिवस पाठवून ‘जमत नाही’ असा निष्कर्ष काढणारी घरं बरीच आहेत. सात दिवसांच्या अंतरात ओळख पुसली जाते आणि प्रत्येक वेळ पहिलीच ठरते. स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचा ताण उतरलेला दिसला, तो आठवड्यातून किमान दोन दिवस असं तीन महिने वापरणाऱ्यांमध्ये. म्हणून आम्ही निर्णयाची तारीखच ऑगस्टच्या मध्यावर ठरवली आणि तोवर घरात रोज त्यावर चर्चा करायची नाही असं ठरवलं. जुलैत तिसरा दिवस मिळाला.

ऑगस्टमध्ये केंद्राबरोबर बसलो तेव्हा समोर चार गोष्टी होत्या: वजन, पडण्याच्या नोंदी, रात्रीची झोप, आणि सकाळी दारातून आत जातानाची वागणूक. वजन टिकलेलं, झोप बरी, पडणं नाही. आत जाताना कुरकुर अजून होते, गाडीत होते आणि हॉलमध्ये पोचल्यावर थांबते. केंद्राच्या वहीतही तेच. घाबरणं, विशिष्ट माणूस दिसला की आक्रसणं, दंडावर न समजणाऱ्या खुणा, वारंवार तहानलेलं परतणं यातलं काही असतं तर तीन महिने वाट बघायचं कारणच नव्हतं.

त्याच बैठकीत पुढचंही विचारून ठेवलं: उठबसीला दोन माणसं लागायला लागली तर काय? एक महिन्याची सूचना देऊ आणि तेवढ्यात दुसरी व्यवस्था करा, असं उत्तर मिळालं. म्हणून वैद्यकीय वळणाच्या एका केंद्राच्या प्रतीक्षा यादीत मावशीचं नाव आत्ताच घालून ठेवलं आहे. तिथे दर तीन महिन्यांनी फोन करून नाव कायम आहे का हे विचारावं लागतं, नाहीतर ते यादीतून काढतात.